वरचा मजला, टांझानियाची पोरं आणि आमच्या घरातली तीन मतं

सुरसागरकाठ

मंडळी, सल्ला हवाय, आणि जमलं तर चर्चाही.

वडोदऱ्यात कारेलीबागेत आमचं दुमजली घर. बाबा गेल्यापासून वरचा मजला भाड्याने देतो. गेल्या रविवारी नेहमीचा दलाल दोन मुलं घेऊन आला. दोघं टांझानियाची, इथल्याच एका खाजगी विद्यापीठात शिकतात. एक फार्मसीला, दुसरा कॉम्प्युटरला. कपडे इस्त्रीचे, बूट न सांगता दाराबाहेर काढले. दलालाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, बे हजार वधारे आपशे." दोन हजार जास्त देतील. का, तर त्यांना दुसरं कुणी घर देत नाही.

आई (वय ७६) म्हणाली, देऊन टाक. मी म्हणालो, बघू. मुलगी (वय २१, एम. एस. युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला) ताडकन म्हणाली, "बाबा, तुम्ही रेसिस्ट आहात."

मला राग आला. मी? २००१ ते २००७ मी बर्मिंगहॅमला होतो. बसच्या मागच्या सीटवरून पोरं 'पाकी' म्हणून ओरडायची. २००५ च्या जुलैत लंडनला स्फोट झाले, त्यानंतर कित्येक आठवडे माझी पाठीवरची बॅग बघून माणसं शेजारची जागा सोडून उठायची. हे सगळं सोसलेल्या माणसाला घरची पोर रेसिस्ट म्हणते!

तर प्रश्न असा. एकच घर, एकच ओटला, आणि तीन माणसांना तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. आई पुण्यापलीकडे कधी गेली नाही. मुलगी कधी भारताबाहेर गेली नाही. मी गेलो. माणसाचं हे मत बनतं कुठे? घरात, शाळेत, की स्वतः खाल्लेल्या फटक्यांतून? आणि माझं 'बघू' म्हणजे वंशवाद की साधा सावधपणा?

चावटपोपट

दोन हजार जास्त दिल्यावर घर मिळत असेल तर मी टांझानियन व्हायला तयार आहे. मी मराठी, बॅचलर, मासे खाणारा. मला अहमदाबादेत चार हजार जास्त देऊनही कुणी उभं केलं नाही.

तार्किक

मुलीचा शब्द चुकीचा आहे, एवढंच सांगतो. घर तुमचं, निवड तुमची. वकिलाला आणि पोलिसाला घर देऊ नये असं आपल्याकडे आजोबांपासून म्हणतात, तो काय वकिलांविरुद्ध वंशवाद झाला? भाडेकरू परदेशी असला की कटकट वाढते, व्हिसा संपला तर पोलीस तुमच्या दारात येतात. जोखीम मोजणं म्हणजे द्वेष नव्हे. आजकाल प्रत्येक गोष्टीला अमेरिकेतलं लेबल लावायची फॅशन आलीय.

शिवाय कायदा म्हणाल तर घटनेच्या १५ व्या कलमातली भेदभावाची बंदी मुख्यतः सरकारवर आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा वेगळा उल्लेख आहे. तुमच्या वरच्या मजल्याचा नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'फक्त पारशी' हा नियमसुद्धा वैध ठरवला होता.

दांडियाबझारवाली

तार्किक, वकिलाला घर नाकारलं तर तो काळा कोट काढून दुसऱ्या गल्लीत जाऊन विचारू शकतो. ही पोरं काय काढणार?

सुरसागरकाठ, एक साधा प्रश्न. रागावू नका. ती दोन मुलं जर्मनीची असती तर 'बघू' म्हणाला असतात का?

पोहेजिलेबी

इंदुरात आमच्या वाड्यात भाडेकरू ठेवताना आजी एकच बघायची, पोहे खाऊन झाल्यावर स्वतःची बशी उचलतो का. आजवर एकही भाडेकरू चुकला नाही. बाकी चर्चा चालू द्या, मी शेव आणि जिरावन घेऊन बसलोय.

आसावरी_म

हे घरातच सुरू होतं, आणि परदेशी माणूस दारात यायच्या कितीतरी आधी.

मी काळी. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. आमच्या रावपुऱ्यातल्या घरात मला चहा मिळायचा नाही, कारण चहाने आणखी काळी होशील. चुलत बहीण दोन दोन कप ढोसायची, तिला मुभा होती, ती 'उजळ' होती. काकू गरोदर असताना तिला रोज केशराचं दूध. माझ्या आईला पण दिलं होतं म्हणे, पण ते 'लागलं नाही'. हे वाक्य मी माझ्या बारशाच्या गोष्टीसारखं ऐकत मोठी झाले. गोरेपणाचं ते ट्यूबमधलं क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून टाकला. आमच्या घरातलं कपाट मात्र अजून जुन्याच नावाने ते मागवतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दहा-बारा वर्षांपूर्वी फतेहगंजला एका बेकरीत एक आफ्रिकन बाई पाव घ्यायला आली होती. माझ्या पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर तिला बघून रडायला लागलं. पोराची आई हसत म्हणाली, "गप, नाहीतर ती घेऊन जाईल." सगळे हसले. मीही हसले. मी! जिला आयुष्यभर 'अंधारात दिसणार नाहीस' ऐकावं लागलं. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. रांगेत कुणीतरी माझ्यापेक्षा काळं होतं.

त्या बाईने पाव घेतला, पैसे मोजून दिले आणि गेली. तिला गुजराती कळत होतं की नाही कोण जाणे. हसणं तर कळतंच.

नदीपारची

आसावरी, 🙏. शेवटून चौथ्या वाक्याला थांबले.

नीलकंठ_जर्सी

सुरसागरकाठ, फटके खाल्ले म्हणून माणूस शहाणा होतो असं काही नाही, हे मी आमच्या मामावरून सांगतो. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळकी भारतीयांना मारत फिरायची. डॉट म्हणजे आपल्या बायकांची टिकली. मामा तेव्हा तिथे राहायचा, मामीने कित्येक महिने बाहेर जाताना कुंकू लावलं नाही. तोच मामा आज नुअर्कमधून गाडी नेताना सिग्नलला काळा माणूस दिसला की दारं लॉक झाली का ते बघतो. खटक. तो आवाज मी लहानपणापासून ऐकतोय. मामा ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे अमेरिकेत येऊ शकला तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर पास झाला, हे एकदा त्याला सांगितलं. म्हणाला, "मी माझ्या डिग्रीवर आलो."

तार्किक

गुन्हेगारी जास्त असलेल्या भागात दारं लॉक करणं हा कॉमन सेन्स आहे हो.

नीलकंठ_जर्सी

गोरा माणूस जवळून गेला तर खटक वाजत नाही, एवढंच माझं निरीक्षण.

मराठीसून_गुजरातीघर

सासऱ्यांबद्दल लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

माझं माहेर दांडिया बझारचं, सासर चरोतरचे पटेल. सासरे कंपालात जन्मले. ऑगस्ट १९७२ मध्ये ईदी अमीनने सगळ्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकान, घर, गाडी सगळं तिथेच, खिशात पन्नासेक पौंड घेऊन निघायचं. सासऱ्यांचे दोन भाऊ ब्रिटिश पासपोर्टवर लेस्टरला गेले. त्याच लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका, इथे घरं नाहीत, शाळा नाहीत. सासऱ्यांकडे भारतीय पासपोर्ट होता, ते वडोदऱ्याला आले.

आता हा माणूस आफ्रिकन लोकांना काय म्हणतो? 'काळिया'. टीव्हीवर क्रिकेट असो नाहीतर फुटबॉल. मी नवी सून असताना एकदा म्हटलं, पप्पा, असं म्हणू नये. तर म्हणाले, "तने शुं खबर, मारुं बधुं लई लीधुं." तुला काय माहीत, माझं सगळं घेतलं. खरंच घेतलं होतं, त्यामुळे मी गप्प बसले.

पण पुढे हळूहळू बाकीची गोष्ट कळत गेली. कंपालातल्या घरात पन्नाशीच्या नोकरालाही 'बॉय' म्हणायचे. त्याची झोपायची खोली कोंबड्यांच्या खुराड्याला लागून. सासऱ्यांना ज्या बाईने वाढवलं ती तिथलीच, आणि आजही माझ्या मुलांना झोपवताना ते तिची स्वाहिली अंगाई म्हणतात. अर्थ विचारला तर सांगतात, नाव विचारलं तर म्हणतात, "नाव शुं, आया हती." ज्या बाईची अंगाई पन्नास वर्षं तोंडात आहे तिचं नाव त्यांना माहीत नाही.

तर असा हा माणूस. आणि हाच माणूस २०१९ मध्ये बँकेत एक आफ्रिकन मुलगा दिसल्यावर रांग सोडून त्याच्याकडे गेला आणि घडाघडा स्वाहिली बोलायला लागला. डोळे भरून आलेले. मुलगा नायजेरियाचा निघाला, त्याला ओ की ठो कळेना! सासरे घरी येऊन तीन दिवस चिडलेले, "आजकालच्या काळियांना स्वाहिली पण येत नाही."

हसू की रडू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चावटपोपट

म्हणजे एखाद्या तमिळ माणसाने लंडनमध्ये मला गाठून तमिळ झाडावं आणि मला येत नाही म्हणून चिडावं. 😂

पण ताई, आयाच्या नावाचं वाचून खरंच कसंतरी झालं.

गुवाहाटीत_दहा_वर्षं

वडील लष्करात, मग नवरा. आसाम-मेघालयात दहा वर्षं काढली. शिलाँगमध्ये आम्ही 'दखार', म्हणजे बाहेरचे. भाजीवाली आमच्याकडे बघून आपसात काय बोलते ते कळायचं नाही आणि त्रास व्हायचा. तेवढ्याने मला कळलं की आपण 'मूळ' नसलो की कसं वाटतं.

बदली होऊन वडोदऱ्याला आलो तर मुलीच्या वर्गात मणिपूरची एक मुलगी. तिला सगळे 'चिंकी'. शिक्षिकेकडे गेले तर त्या म्हणाल्या, "प्रेमानेच म्हणतात हो." २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिने अशा शब्दांसाठी वेगळी कलमं सुचवली. ते सगळं कागदावर. २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्याच मुलीला रिक्षावाल्याने "कोरोना, उतर" म्हटलं. ती इम्फाळची, चीन तिने नकाशात पाहिलेला.

तार्किकजी, 'अमेरिकेतलं लेबल' म्हणालात म्हणून सांगितलं. वस्तू आपलीच आहे, लेबल कुठूनही आणा.

इतिहासवेडा

अवांतर करतो, सवय आहे.

'हबशी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मूळ शब्द हबश, म्हणजे अॅबिसिनिया, आजच्या इथिओपियाकडचा भाग. मलिक अंबर तिकडचा, गुलाम म्हणून विकत विकत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी त्याने वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. कबर खुलताबादला. मुघलांना गनिमी काव्याने त्याने जेरीस आणलं आणि शहाजीराजे त्याच काळात निजामशाहीत होते. गुजरातेत तर अहमदाबादची सिदी सय्यदची जाळी, १५७३ ची. तिच्यातलं झाड तुम्ही पोस्टकार्डापासून फ्रिजच्या मॅग्नेटपर्यंत सगळीकडे पाहिलंय. ती बांधवून घेणाराही हबशीच.

आणि भरुचजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा, गीरमधलं जांबूर गाव. तिथले सिदी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेले लोक, पिढ्यान्पिढ्या गुजराती बोलतात. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने त्यांची मुलं वेचून धावपटू बनवायला नेली होती. का? तर रक्त आफ्रिकन, म्हणजे पळतीलच! हा भेदभाव होता की संधी, यावर माझं आणि बायकोचं पंधरा वर्षं भांडण चालू आहे.

पोहेजिलेबी

इतिहासवेडा, तुमच्या घरी भांडायला भाजीतलं मीठ वगैरे काही नसतं का?

सुरसागरकाठ

सगळ्यांचे आभार. दांडियाबझारवाली, तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप नीट लागली नाही.

२००९ साली वरचा मजला एका फ्रेंच जोडप्याला दिला होता. ती फाइन आर्ट्सला काहीतरी संशोधन करत होती. दलाल नव्हता, ओळखीचं पत्र नव्हतं, दोघांचं लग्न झालं होतं की नाही तेही विचारलं नाही. त्यांना घेऊन मी स्वतः सेव उसळ खायला गेलो. शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचो, आमच्याकडे फॉरेनर आहेत. तेही फॉरेनरच होते की. त्यांचाही व्हिसा होता. तेव्हा कटकटीचा विचार मनात आला नाही.

म्हणजे 'बघू' परदेशी माणसासाठी नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

दांडियाबझारवाली

लिहिलंत हे मोठं. मी विचारलं खरं, पण माझ्या घरी काय झालं असतं ते मला माहीत आहे. माझ्या सासूबाई फ्रेंच बाईलाही 'अंडं खाते का' विचारल्याशिवाय आत घेणार नाहीत. त्या बाबतीत त्या अगदी समदर्शी. 😄

आणि खरं तर आपण इथले मराठी 'दक्षिणी'. माझे आजोबा गायकवाडांच्या खात्यात कारकून होते. संस्थान होतं तोवर आमचा रुबाब, १९४९ ला विलीनीकरण झालं आणि शाळेत आम्ही 'दक्षिणी' म्हणून चिडवून घ्यायला लागलो. आजोबांच्या काळात आम्ही गुजराती लोकांना काय नावं ठेवायचो ते मात्र घरात कुणी सांगत नाही.

भीमातीर

चार दिवस धागा वाचतोय. वडोदरा, भाड्याची खोली आणि भेदभाव, हे तीन शब्द एकत्र आले आणि अजून कुणीच ती गोष्ट काढली नाही याचं नवल वाटलं. मग वाटलं, नवल कसलं? कुणाच्या घरात कोणती गोष्ट सांगितली जाते यावर सगळं आहे. मला ती सहा वर्षांचा असताना वडिलांनी सयाजीबागेत वडाखाली उभं करून सांगितली होती.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये करारापोटी बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. उतरायचं कुठे? हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी सराईत खोटं पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. त्यांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. ते कुटुंब मूळचं ब्राह्मण. नवरा मोकळ्या विचारांचा झाला होता, बायको जुन्या वळणाची राहिली होती. कोलंबियाची पदवी असलेला माणूस रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत कमाटीबागेत बसून राहिला. तीच आजची सयाजीबाग, आणि ती जागा म्हणजे संकल्पभूमी.

या हकिगतीत त्यांनी स्वतः एक गोष्ट लिहून ठेवलीय, जी मला सगळ्यात जास्त टोचते. परदेशात पाच वर्षं राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते म्हणतात. स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली. न्यूयॉर्कमध्ये ते माणूस होते, आणि त्याच न्यूयॉर्कमधला काळा माणूस नव्हता. इथे उलटं.

तार्किक, तुम्ही कलम १५ म्हणालात. ते लिहिणाऱ्याला घर मिळालं नव्हतं, एवढं लक्षात असू द्या.

तार्किक

भीमातीर, ही गोष्ट मला ढोबळ माहीत होती, मित्रांचा तपशील माहीत नव्हता. मान्य.

पण एक मुद्दा सोडत नाही. जात आणि वंश एक नव्हेत. २००१ च्या डर्बनच्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा मुद्दा वंशवादात घ्यावा का यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारने विरोध केला. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच होतं.

भीमातीर

शास्त्र असू द्या. दार एकाच आवाजात बंद होतं.

सुरसागरकाठ, सगळे तुमच्या आईंचं कौतुक करतायत. मला एकच विचारायचंय. काकू भाडेकरूला आडनाव विचारतात का?

संपादक

चर्चा चांगली चाललीय. 'अशांत धारा' कायद्यावरचे (गुजरातेत ठरावीक भागांत मालमत्तेच्या व्यवहाराला सरकारी परवानगी लागते, तो कायदा) तीन प्रतिसाद उडवले आहेत, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. व्यक्तिगत शेरे नकोत.

चावटपोपट

भीमातीरांच्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत मी विनोद करणार नाही.

सुरसागरकाठ

भीमातीर, उत्तर द्यायला तीन दिवस लागले. मुलीशी बोललो, आईशीही.

विचारते. नेहमीच विचारते. 'तुम्ही कुठले' हा पहिला प्रश्न, 'आडनाव काय' हा दुसरा. २०१६ मध्ये नंदुरबारचा एक मुलगा आला होता, रेल्वेत नोकरी लागलेला. त्याने आडनाव सांगितलं. आई म्हणाली, "अगं बाई, कालच कुणाला तरी शब्द दिला." कुणालाही दिला नव्हता. मजला पुढे दोन महिने रिकामा होता. मी तिथेच सोफ्यावर पेपर वाचत बसलो होतो. मला कळलं होतं, मी पेपर वाचत राहिलो. मुलगी तेव्हा शाळेत होती, तीही तिथेच. तिला तो प्रसंग आठवतच नाही. आफ्रिकेच्या मुलांवरून ती माझ्यावर बरसली, कारण तो शब्द तिला ठाऊक आहे, रोज मोबाइलवर दिसतो. आजीच्या 'कालच शब्द दिला'ला तिच्याकडे शब्दच नव्हता.

आईला आज विचारलं, मग ही मुलं कशी चालतात? तिचं उत्तर जसंच्या तसं: "ती परदेशातली. त्यांचं आपल्यात काही नसतं." म्हणजे आफ्रिकेबद्दल तिच्या माहेरी कुणी काहीच शिकवलं नव्हतं, म्हणून ती मोकळी. जे शिकवलं होतं ते पक्कं आहे. आणि हो, "काळी असली तरी स्वच्छ दिसतात" हेही म्हणाली. 'असली तरी'.

मला बर्मिंगहॅमने काय शिकवलं हा प्रश्न राहिलाच. विचार केला तर लाज वाटते. तिथे मी पहिल्या महिन्यात शिकलो की गोऱ्यांच्या नजरेत बरं दिसायचं असेल तर जमैकन पोरांपासून लांब राहायचं. आमच्या हॅंड्सवर्थच्या घरमालकाने, जालंधरच्या सरदारजींनी, सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि सोबत घेऊन आलो.

आसावरी_म

'रांगेत माझ्यापेक्षा काळं कुणीतरी.' तेच.

भीमातीर

नंदुरबारच्या मुलाची गोष्ट तुम्ही लिहिलीत. धन्यवाद म्हणणार नाही, पण वाचली.

गुवाहाटीत_दहा_वर्षं

आता मूळ प्रश्नाचं काय? देताय का मजला?

तार्किक

देत असाल तर व्यवहाराचं सांगतो, भांडण बाजूला. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची, त्यासाठी आधी घरमालकाची नोंदणी लागते. पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि फोटो आधीच मागून ठेवा. भाडेकराराची प्रत आणि पोलिसांकडची नोंद वेगळी. अर्ध्या तासाचं काम आहे. मी एका कोरियन इंजिनिअरसाठी केलंय.

(हो, कोरियन. आणि नाही, त्याच्या वेळी मी जोखीम मोजली नव्हती. कुणी विचारायच्या आत सांगतो.)

पोहेजिलेबी

तार्किकजींना माझ्यातर्फे एक प्लेट पोहे. शेव जास्त.

मराठीसून_गुजरातीघर

सुरसागरकाठ दादा, मुलं टांझानियाची आहेत ना? म्हणजे स्वाहिली येणार! सासऱ्यांना एक दिवस घेऊन येऊ का? ८१ वर्षांचे आहेत. तोंडातून काय निघेल त्याची हमी नाही, पण मी सोबत असेन.

सुरसागरकाठ

जरूर आणा. मुलं काल राहायला आली. जास्तीचे दोन हजार घेतले नाहीत. दलाल माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता, त्याची दलाली त्यावर ठरली होती.

आई ओट्यावर बसली होती. मोठा मुलगा वाकून तिला काहीतरी म्हणाला, "शिकामू." आईला वाटलं नाव सांगतोय. मग त्याने समजावलं की त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात, मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो'. आणि मोठ्यांनी म्हणायचं 'मरहबा'. आई दोनदा घोकून मरहबा म्हणाली. मग त्याने सांगितलं की त्यांच्याकडे दुकानाला 'दुका' म्हणतात, चपातीला चपाती, पोत्याला 'गुनिया' आणि विम्याला 'बिमा'. आई म्हणाली, म्हणजे तुम्ही गुजरातीच की. आपल्याकडून रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांनी आणि दुकानदारांनी नेलेले शब्द असणार.

आणि मग, भीमातीर, तिने सवयीने विचारलंच, "आडनाव काय?"

त्याने सांगितलं. आईने ते परत म्हणून पाहिलं, थोडा वेळ तशीच बसून राहिली. आडनाव कळलं, पण त्यातून तिला काहीच कळेना. शेवटी म्हणाली, "बरं. चहा घेणार का?"

भीमातीर

मी सयाजीबागेपासून दहा मिनिटांवर राहतो. एखाद्या रविवारी येतो. माझं आडनाव तिला कळेल. चहाचं काय?

सुरसागरकाठ

या. ती विचारेलच, ते मला थांबवता येईल असं वाटत नाही. या वेळी मी पेपर वाचत नसेन.